बाळंतपणाची रजा, लेऑफ आणि अडकलेला क्लेम: न्यू जर्सीत कुठल्या पैशावर कुठला टॅक्स

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही न्यू जर्सीत, नवरा एच-१बी वर, तुम्ही एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि ईएडी म्हणजे वर्क परमिटच्या कार्डावर नोकरी करत होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिझेरियन झालं, आधी राज्याकडून डिसॅबिलिटीचे पैसे मिळाले मग १२ आठवडे फॅमिली लीव्हचे, जुलैत परत कामावर गेलात आणि १७ ऑक्टोबरला ऐन दिवाळीच्या तोंडावर लेऑफ. सहा आठवड्यांचा सेव्हरन्स, म्हणजे कंपनीने निरोप देताना दिलेले पैसे, मिळाला. २० तारखेला अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम भरलात, तो आज मार्च उजाडला तरी पेंडिंग. ईएडी ५ डिसेंबरला संपलं, रिन्यूअल नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलं होतं, नवं कार्ड १२ फेब्रुवारीला आलं, आणि दर आठवड्याला तुम्ही नेमाने सर्टिफाय करताय, म्हणजे या आठवड्यात काम करू शकत होतात का वगैरे प्रश्नांना ऑनलाइन उत्तरं देताय, सगळीकडे येस. आता हातात फॅमिली लीव्हचा १०९९-जी (राज्याने वर्षभरात किती पैसे दिले तो कागद) आलाय, डब्ल्यू-२ (कंपनीचा वर्षभराच्या पगाराचा कागद) आलाय, आणि प्रश्न असा की यातलं काय रिटर्नमध्ये घालायचं, आणि जो क्लेम मिळालेलाच नाही त्याचं काय करायचं.

मी एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसची (फेडरल टॅक्स खात्याची) मान्यता असलेली टॅक्स सल्लागार आहे, गेली १७ वर्षं याच राज्यात आपल्या लोकांचे रिटर्न भरते. टॅक्सचं खाली सांगतेच, पण तुमच्या पत्रात मला टॅक्सपेक्षा मोठी वाटलेली गोष्ट ईएडीची आहे, म्हणून ती आधी.

पूर्वी एच-४ वाल्यांनी ईएडी संपायच्या आत रिन्यूअल टाकलं की आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) चालू असेपर्यंत जुनं ईएडी ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढायचं, पावतीची नोटीस दाखवली की काम चालू. ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या रिन्यूअलना राहिली नाही. तुम्ही नोव्हेंबरमध्ये टाकलंत. म्हणजे ६ डिसेंबरपासून नवं कार्ड येईपर्यंत तुम्हाला अमेरिकेत काम करायची परवानगी नव्हती, पावती हातात असली तरी. आणि अनएम्प्लॉयमेंटची मूळ अटच अशी की त्या आठवड्यात काम मिळालं असतं तर तुम्ही ते करू शकला असतात, शरीराने आणि कायद्यानेही. एबल अँड अव्हेलेबल म्हणतात ते हेच. राज्य हे फेडरलच्या सेव्ह नावाच्या सिस्टिममधून तपासतं, ईएडीवाल्यांचे क्लेम रेंगाळतात त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता हिशेब बघा. तुमचा क्लेम रविवार १९ ऑक्टोबरपासून मोजला जाणार, कारण न्यू जर्सीत ज्या आठवड्यात क्लेम भरला त्या आठवड्याच्या रविवारपासून तो चालू होतो. १९ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर हे सात आठवडे स्वच्छ तुमचे. ७ डिसेंबर ते १४ फेब्रुवारी हे दहा आठवडे तुमचे नाहीत (नव्या कार्डावरची व्हॅलिड फ्रॉम तारीख नीट बघा, ती महत्त्वाची). १५ फेब्रुवारीपासून पुन्हा तुमचे. तुमच्या पगाराला २०२५ चा कमाल दर लागतो, आठवड्याला ८७५ डॉलर. म्हणजे हक्काचे पहिले ६,१२५, आणि मधले ८,७५० जे तुम्ही न कळत येस करून मागून बसलाय.

पैसे अजून आलेले नाहीत हे या क्षणी तुमच्या फायद्याचं आहे! आज, उद्या नाही, आज ऑनलाइन अकाउंटमधून लेखी कळवा की या या तारखांना माझं वर्क ऑथरायझेशन नव्हतं, मला पावतीवर मुदत वाढते असं वाटलं होतं, तरी त्या आठवड्यांची उत्तरं दुरुस्त करावीत. जुन्या आणि नव्या ईएडीची दोन्ही बाजूंची कॉपी जोडा. फोन लागला तरी लेखी पाठवाच, आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नाहीतर होतं काय, एक दिवस क्लेम मोकळा होतो, सगळे आठवडे एकदम जमा होतात, घरात आनंद, आणि मग वर्षभराने ओव्हरपेमेंटचं पत्र येतं. आणि त्यांनी ते फ्रॉड ठरवलं तर न्यू जर्सीत रकमेवर २५ टक्के दंड आणि वर्षभर बेनिफिटमधून बाद. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये असा शब्द येणं मला फार भीतीदायक वाटतं. स्वतःहून आधी सांगितलेली चूक ही चूकच राहते, तिचं फ्रॉड होत नाही सहसा. यावर इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या, मी टॅक्सची माणूस आहे आणि माझी हद्द मला माहिती आहे.

ओघाने आलं म्हणून, तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना वाटतं की अनएम्प्लॉयमेंट घेतलं की पब्लिक चार्ज, म्हणजे सरकारवर भार, ठरून ग्रीन कार्ड अडेल. २०२२ च्या नियमात अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स पब्लिक चार्जमध्ये धरत नाहीत, तो कमावलेला हक्क आहे, सरकारी मदत नव्हे. तो नियम मागे घ्यायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला गेलाय, तेव्हा वकिलाला विचाराल तेव्हा हेही विचारा. पण भीतीपोटी हक्काचे सात आठवडे सोडून देऊ नका हो, पेचेकमधून कापून घेतलेत त्यांनी. आणि एच-१बी वाल्या भावांसाठी, तुमची परवानगी एकाच कंपनीला बांधलेली असल्यामुळे लेऑफनंतर अनएम्प्लॉयमेंटला सहसा पात्र धरत नाहीत, ६० दिवसांचा ग्रेस पिरियड हा देशात राहायला आहे, काम करायला नाही. फॅमिली लीव्हचं तसं नाही, नोकरीत असताना बाळ झालं तर एच-१बी वालाही घेऊ शकतो, बाबासुद्धा, आणि आपले बाबा लोक हे फार कमी घेतात याचं मला वाईट वाटतं.

आता टॅक्स. तुम्हाला तीन वेगवेगळ्या खिशांतून पैसे मिळाले किंवा मिळणार आहेत आणि लोक ते एकाच माळेत ओवतात, तिथेच सगळा घोळ होतो.

पहिला, डिसॅबिलिटीचा, म्हणजे टीडीआय, बाळंतपणाच्या आधीचे चार आणि सिझेरियन म्हणून नंतरचे आठ आठवडे. या फंडात तुम्हीही भरता आणि कंपनीही भरते. तुमच्या भरण्याच्या वाट्यातून आलेले पैसे फेडरलला टॅक्सेबल नाहीत, कारण ते तुम्ही आधीच टॅक्स भरलेल्या पगारातून दिलेत. कंपनीच्या वाट्यातून आलेले टॅक्सेबल, आणि त्यावर सोशल सिक्युरिटी मेडिकेअरही लागतं, कारण तो थर्ड पार्टी सिक पे. हे प्रमाण तुम्ही घरी बसून काढू नका, डब्ल्यू-२ मध्ये टॅक्सेबल भाग आलाय का ते कंपनीच्या पेरोलला विचारा. लेऑफ झालेल्या माणसाला पेरोलला मेल टाकणं जड जातं हे मला कळतं, पण टाका. राज्याच्या रिटर्नमध्ये टीडीआय टॅक्सेबल नाही.

दुसरा खिसा फॅमिली लीव्हचा, एफएलआय. न्यू जर्सीत हा फंड पूर्ण कामगारांच्या पैशावर चालतो, कंपनी त्यात एक डॉलर घालत नाही. मग साहजिक कुणालाही वाटेल की टीडीआयच्या न्यायाने हे पूर्ण टॅक्स फ्री. तसं नाहीये! फॅमिली लीव्ह म्हणजे तुम्ही स्वतः आजारी नव्हतात, बाळाला सांभाळत होतात, म्हणून आजारपणाच्या विम्याची सूट याला लागू होत नाही. आयआरएसने जानेवारी २०२५ मध्ये रेव्हेन्यू रुलिंग २०२५-४ काढून हे सरळ शब्दात लिहिलं, फॅमिली लीव्हचे पैसे पूर्ण उत्पन्नात धरायचे, मात्र ते पगार नाहीत म्हणून सोशल सिक्युरिटी मेडिकेअर लागत नाही. तुमचे १२ आठवडे गुणिले १,०८१, म्हणजे १२,९७२ डॉलर, १०९९-जीच्या बॉक्स १ मध्ये हाच आकडा दिसेल, तो फेडरलच्या शेड्यूल १ वर ओळ ७ ला जातो. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये शून्य. सॉफ्टवेअर कधीकधी फेडरलवरून उचलून राज्यातही घालतं, तेवढं बघून घ्या.

तुम्ही दोघांचं मिळून २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर या १२,९७२ वर साधारण २,८५० टॅक्स होतो. क्लेम भरताना १० टक्के कापा म्हणून खूण केली असेल तर १,२९७ गेलेत, नसेल केली तर सगळेच्या सगळे आता एप्रिलमध्ये. माझ्याकडे दरवर्षी अशा दोनतीन जणी येतात, बाळ मांडीवर, आणि स्क्रीनवर रिफंडच्या जागी देणं दिसलं की चेहरा उतरतो. बाळ २०२५ मध्ये झालंय म्हणून चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळेल, त्या वर्षासाठी २,२०० डॉलर, पण बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नच्या मुदतीआधी निघालेला हवा. त्यामुळे बरंचसं सावरेल.

तिसरा खिसा अनएम्प्लॉयमेंटचा, आणि इथे तुमचा खरा प्रश्न होता. ऑक्टोबर नोव्हेंबरचे आठवडे आहेत पण पैसे २०२६ मध्ये मिळणार, तर कुठल्या वर्षात? मिळाले त्या वर्षात. आठवडा कुठला होता याला किंमत नाही. २०२५ च्या रिटर्नमध्ये अनएम्प्लॉयमेंटचा एकही डॉलर घालू नका, अंदाजाने तर अजिबातच नाही. रिटर्न अडवूनही धरू नका क्लेमसाठी, १५ एप्रिलच्या आत भरून टाका. पैसे आले की जानेवारी २०२७ मध्ये १०९९-जी निघेल, तो पोस्टाने यायची वाट बघू नका, अकाउंटमधून उतरवून घ्या. फेडरलला पूर्ण टॅक्सेबल, न्यू जर्सीला नाही. १० टक्के कापायचा पर्याय आत्ताच चालू करा म्हणजे एकदम जमा झालेल्या रकमेतूनही कापले जातील. आणि हो, २०२० साली १०,२०० डॉलरपर्यंत सूट मिळाली होती ती फक्त त्या एका वर्षाची होती, दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

चुकून जास्त पैसे आले आणि परत करावे लागले तर ते त्याच वर्षात परत करा. त्याच वर्षात दिले तर उत्पन्नातून सरळ वजा होतात. पुढच्या वर्षात गेलं आणि रक्कम ३,००० किंवा कमी असेल तर काहीच वजावट मिळत नाही, टॅक्स भरून बसायचं. ३,००० च्या वर असेल तर क्रेडिट काढायची एक वाट आहे पण ती किचकट. मघाच्या दहा आठवड्यांबद्दल मी इतकी घाई का करतेय त्याचं हे दुसरं कारण.

आता क्लेमचं भिजत घोंगडं. माझ्या धाकट्या भावाचा क्लेम २०२० मध्ये शेजारच्या राज्यात तीन महिने अडकला होता. कंटाळून त्याने सर्टिफाय करणंच सोडलं, म्हणाला देतच नाहीत तर काय दर रविवारी बटणं दाबत बसू. क्लेम सुटला तेव्हा फक्त सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचे पैसे आले, बाकीच्यांसाठी अर्ज विनंत्या करत त्याचा उन्हाळा गेला. म्हणून पेंडिंग असलं तरी दर आठवड्याला सर्टिफाय करायचं, आणि उत्तर खरं द्यायचं, मग ते नो का असेना.

तुमच्या बाबतीत अडायची मला तीन कारणं दिसतात. ईएडी एक. दुसरं म्हणजे सेव्हरन्स. न्यू जर्सीत सेवेच्या वर्षांवर दिलेल्या सेव्हरन्समुळे अनएम्प्लॉयमेंट थांबत नाही, पण नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार असेल किंवा अमुक तारखेपर्यंत पगार चालू ठेवला असेल तर तेवढे आठवडे थांबतं. कंपनीच्या पत्रात कुठला शब्द आहे ते बघा, आणि पत्राची कॉपी स्वतःहून पाठवा. कंपनीनेच नुसतं सहा आठवडे दिले असं मोघम कळवलं असेल तर तो प्रश्न कुणीतरी हाताने सोडवेपर्यंत फाइल पडून राहते. तिसरं, ओळख पटवण्याची पायरी, आयडी डॉट मीची, अर्धवट राहिली असेल. पासपोर्टवर आडनाव आधी, लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर मधे नवऱ्याचं, आपल्या मराठी बायकांच्या नावांचा गोंधळ त्या सिस्टिमला झेपत नाही. अकाउंटमध्ये मेसेजची जागा असते तिथे जाऊन बघा, इमेलवर सगळं येत नाही.

रजेमुळे पात्रता गेली असेल का ही भीतीही तुम्ही लिहिलीये. नाही गेली. ऑक्टोबरमध्ये भरलेल्या क्लेमला जुलै २०२४ ते जून २०२५ हे बेस इयर लागतं, म्हणजे पात्रतेसाठी याच वर्षातली कमाई बघतात. त्यात किमान ३०३ डॉलर कमावलेले २० आठवडे हवेत, त्यांना बेस वीक म्हणतात. रजेचे पैसे पगार नाहीत म्हणून ते आठवडे मोजत नाहीत, पण तुम्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कामावर होतात, म्हणजे २९ च्या आसपास होतात. न्यू जर्सीत जितके बेस वीक तितके बेनिफिटचे आठवडे, जास्तीत जास्त २६, तेव्हा तुमचे पूर्ण २६. आणि दर हा काम केलेल्या आठवड्यांच्या सरासरीच्या ६० टक्के असतो, रजेचे आठवडे त्या सरासरीत भागाकाराला येत नाहीत, म्हणून तोही कमी होत नाही. ज्यांचे २० भरत नाहीत त्यांनी अल्टरनेट बेस इयर लावायला सांगावं, राज्यात त्याची सोय आहे.

आणखी किती वाट बघायची? फेडरलचा दंडक असा आहे की राज्यांनी पहिल्या पेमेंटपैकी ८७ टक्के तरी १४ किंवा २१ दिवसांत करावीत, राज्यात वेटिंग वीक (सुरुवातीचा बिनपैशाचा आठवडा) आहे की नाही त्यावर. आणि सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जावा खटल्यात सांगितलंय की हे पैसे देय होतील तेव्हा द्यायचे, पात्र ठरवल्यावर कंपनीने अपील केलं म्हणून तोवर अडवायचे नाहीत. तुमचे साडेचार महिने झालेत. पण अडचण अशी की निर्णयच झाला नाही तर अपील कशावर करणार, नकार आला तर अपील करता येतं, पेंडिंगवर नाही. म्हणून दुरुस्तीचं पत्र पाठवलं की दुसरं काम, तुमच्या भागाच्या राज्य असेंब्ली सदस्याच्या किंवा राज्य सिनेटरच्या ऑफिसला फोन करा. वॉशिंग्टनवाल्या काँग्रेसमनला नाही, हे राज्याचं खातं आहे. त्यांच्याकडे याच कामासाठी माणूस असतो, मतदार असायची गरज नाही, तिथे राहत असलात की पुरे. आपले लोक इथे लाजतात, आपण व्हिसावर, आपलं कोण ऐकणार. मी आजवर ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांचं ऐकून घेतलंय. क्लेमची तारीख, कुठल्या दिवशी कुणाशी बोललात, काय पाठवलंत, एका कागदावर लिहून न्या. नकाराचं पत्र आलंच तर त्यावर अपीलची मुदत छापलेली असते, ती चुकवू नका, आणि लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करा.

आणि हो, तुमच्या नवऱ्याने २०२५ मध्ये नोकरी बदलली असं ओझरतं लिहिलंय. त्याचे दोन्ही डब्ल्यू-२ काढा आणि बॉक्स १४ बघा. २०२५ मध्ये अनएम्प्लॉयमेंट आणि वर्कफोर्सचं मिळून एका माणसाचं जास्तीत जास्त १८४.०३ कापायला हवं, डिसॅबिलिटीचं ३८०.४२, फॅमिली लीव्हचं ५४५.८२. पहिलं पहिल्या ४३,३०० पगारावरच असतं, त्यामुळे दोन कंपन्यांनी दोनदा पूर्ण कापलेलं असतंच जवळजवळ. जास्तीचं एनजे-२४५० फॉर्म लावून राज्याच्या रिटर्नमध्ये परत मिळतं. एकाच कंपनीने जास्त कापलं असेल तर मात्र फॉर्म नाही, कंपनीकडूनच मागायचं.

हीच कापलेली रक्कम फेडरलला शेड्यूल ए वर, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनऐवजी एकेक वजावट मांडायच्या फॉर्मवर, राज्याच्या टॅक्समध्ये धरता येते, रुलिंगनेही तेच म्हटलंय. इतकी वर्षं याला अर्थ नव्हता, राज्याच्या आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीवरची १०,००० ची मर्यादा न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्समध्येच संपायची. २०२५ साठी ती मर्यादा ४०,००० झालीये, त्यामुळे टाउनहाउसचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, राज्याचा टॅक्स सगळं मिळून ३१,५०० च्या स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा वर जात असेल तर हे हजारभर डॉलरही त्यात घाला. कॅलिफोर्नियातल्यांना याचा जास्त फायदा, तिथे एसडीआय (त्यांच्या राज्याची डिसॅबिलिटीची कपात) २०२५ मध्ये १.२ टक्के आणि २०२४ पासून पगाराची वरची मर्यादाच काढलीये, तीन लाखांच्या पगारावर ३,६०० जातात. त्यांचंही बाळाच्या रजेचं पीएफएल, म्हणजे पेड फॅमिली लीव्ह, फेडरलला टॅक्सेबल, राज्याला नाही.

हडसन ओलांडून मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्यांनी माझं वरचं सगळं स्वतःला लावू नका. तुमचा क्लेम न्यूयॉर्कमध्ये भरायचा, राहता कुठे यावर नाही, काम कुठे करत होतात यावर ठरतं. आणि न्यूयॉर्क अनएम्प्लॉयमेंटवर टॅक्स लावतं, न्यू जर्सीत राहणाऱ्यालाही, आणि न्यू जर्सी त्यावर मुळात टॅक्सच लावत नसल्याने इथे त्याचं क्रेडिटही मिळत नाही.

ताई, आधी ते दुरुस्तीचं पत्र. पाठवलंत की मला कळवा, आणि डब्ल्यू-२ च्या बॉक्स १४ चे आकडे लिहून पाठवा, सोशल सिक्युरिटी नंबर झाकून.